बऱ्या झालेल्या हातांस काम

(मंडळीचे सभासद व शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचनासाठी शास्त्रभाग: मार्क १:२९-३१, निर्गम १७:८-१३, १ राजे १९:१-८.

पाठाचा उद्देश: कर्करोगाचे उपचार संपल्यानंतर माणसाला पुन्हा आपल्या कामात व सेवेत उभे राहण्यास कशी मदत होते, आणि त्यात मंडळीचा वाटा कोणता, हे समजून घेणे.



आजाऱ्याची भेट घ्यावी, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, त्याच्या घरी डबा पोहोचवावा, हे आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत, आणि देवाच्या कृपेने आपल्या मंडळ्या त्यात फारशा उण्या पडत नाहीत. परंतु आजार उतरल्यावर काय? शेवटचे औषध संपले, डॉक्टरांनी आता सहा महिन्यांनी दाखवायला या म्हणून सांगितले, आपण उपकारस्तुतीची प्रार्थना केली, आणि मग? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही पुष्कळ वर्षे केलाच नव्हता. तो विचार आम्हांस एका भगिनीने करावयास लावला. त्याची हकिकत आधी सांगतो.

उचगावची भगिनी

बेळगावच्या पश्चिमेस, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, उचगाव हे गाव आहे. भात आणि रताळी पिकवणारा हा मुलूख. तेथील एका शेतकरी घरातील आमच्या ओळखीच्या भगिनीस स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, काखेतील गाठीही काढल्या. मग केमोथेरपी, त्यानंतर लोक ज्यास शेक देणे म्हणतात ते किरणोपचार. जवळजवळ वर्ष गेले. ती घरी परत आली तेव्हा आम्हां सर्वांना फार आनंद झाला.

त्या आनंदात आम्ही एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिलो: "अक्का, आता तुम्ही काहीही करू नका." सुनेने चूल आपल्या ताब्यात घेतली. शेजारणी पाण्याची कळशी उचलू देईनात. महिला मंडळाच्या शिवणाच्या कामातून तिचे नाव गाळले गेले. शब्बाथशाळेत लहान मुलांचा वर्ग ती कित्येक वर्षे चालवीत असे. तो आम्ही एका तरुणाकडे सोपवला. हे सर्व प्रेमाने केले. तिला मात्र कोणी विचारले नाही. वर्ग सोपवताना आम्हीही विचारले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

पाचसहा महिन्यांनी ती उपासनेस येईनाशी झाली. आम्ही भेटावयास गेलो तर ती दारातच बसलेली होती. उजवा हात मांडीवर, जणू दुसऱ्या कोणाचा असावा तसा. तो खांद्याच्या वर जात नव्हता. केस विंचरण्यास नातीला हाक मारावी लागे. आम्ही नेहमीचे समाधानाचे शब्द बोलू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, माझा हात डाक्टरनं न्हाई काढून घेतला. तो तुमी काढून घेतलासा."

आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही त्या वाक्याला दुसरे उत्तर नाही. ते खरे होते.

पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तिला रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात पाठवले. आम्ही सोबत होतो. तेथील तज्ज्ञ एक तरुण मुलगी होती. तिने कोठे दुखते हे नंतर विचारले. पहिला प्रश्न असा: "मावशी, सकाळी उठल्यावर कोणतं काम स्वतःच्या हातानं करावंसं वाटतं?" अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाकरी." आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, "आणि माझी पोरं. रविवारची."

व्यवसायोपचार म्हणजे काय?

व्यवसाय हा शब्द ऐकला की आपल्या मनात धंदा किंवा नोकरी येते. येथे त्याचा अर्थ अधिक मोठा आहे. आंघोळ करणे, चोळीची बटणे लावणे, जेवणे, भाकरी थापणे, नांगर धरणे, वही लिहिणे, नातवाला खेळवणे, मंडळीत शास्त्रवाचन करणे, ज्या ज्या कामांनी माणसाचा दिवस भरतो ती सर्व कामे म्हणजे व्यवसाय. आजाराने किंवा उपचाराने ह्यांपैकी काही हातून सुटली तर ती पुन्हा जोडून देणे, हे व्यवसायोपचाराचे काम. फिजिओथेरपी मुख्यतः सांधे, स्नायू व हालचाल यांकडे पाहते. व्यवसायोपचार ती हालचाल कोणत्या कामासाठी हवी, हे विचारतो. दोन्ही हातात हात घालून चालतात.

ह्या शास्त्राचा आरंभ वाचकांस विशेष वाटेल. अमेरिकेत जॉर्ज बार्टन नावाचे एक वास्तुशिल्पी होते. क्षयरोगाने ते खंगले, पुढे शरीराची डावी बाजू लुळी पडली. आरोग्यधामात असताना एल्वुड वूस्टर ह्या पाळकांनी त्यांना धीर दिला व पुढील आयुष्याचा विचार करावयास लावले. बार्टन यांनी सुतारकाम व बागकाम करीत स्वतःला सावरले आणि न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे एक घर उघडून इतरांसही तीच वाट दाखवली. त्याच घरात मार्च १९१७ मध्ये ह्या विद्येची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

आपल्याकडे ही विद्या आणली ती श्रीमती कमला निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, क्वेकर घराण्यातील. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. निंबकर घराण्यात विवाह होऊन त्या महाराष्ट्राच्या झाल्या. १९५० साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची भारतातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक संघटनेच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. के. ई. एम. पासून हाकेच्या अंतरावर टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि आपल्या सीमाभागातील किती घरांना त्याचा रस्ता पाठ आहे हे सांगणे नको. १९५१ साली मुंबईतच इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना झाली. रोग्याला उपचारानंतर पुन्हा कामाला लावणे हाही तिने आपल्या कार्याचा भाग मानला.

ख्रिस्ती सेवेतही ह्याचे एक उजळ उदाहरण आहे. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांचे १९५४ साली मोटार अपघातात कमरेखालचे शरीर लुळे झाले. त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे पुनर्वसनाचे शिक्षण घेतले, आणि १९६६ साली वेल्लोर येथे त्यासाठी संस्था उघडली गेली. ज्यांना बसून राहा असे सांगता आले असते, त्यांनी बसूनच काम केले.

उपचार मागे काय ठेवून जातात?

कर्करोगाचे उपचार जीव वाचवतात, पण शरीरावर काही खुणा ठेवतात. त्या ओळखता आल्या तर आपण रोग्याला आळशी, हट्टी किंवा अविश्वासू समजण्याची चूक करणार नाही.

पहिली गोष्ट, थकवा. हा दिवसभर शेतात राबल्याचा थकवा नव्हे. तो झोपेने जात नाही, आणि उपचार संपल्यावर कित्येक महिने राहू शकतो. पूर्वी डॉक्टर केवळ विश्रांती सांगत. आता असे दिसून आले आहे की बेताचे चालणे व हलके काम यांनी हा थकवा कमी होतो, आणि नुसते पडून राहण्याने वाढतो. तज्ज्ञ रोग्याला शक्ती जपून खर्च करण्यास शिकवतात. दिवसाची कामे लिहून काढा. जे आपणच करावयाचे ते ठेवा, जे दुसरा करील ते द्या. अवघड काम ज्या वेळी अंगात त्राण असते त्या वेळी करा. उभ्याने होणारे काम बसून करा. दमण्याच्या आधी थांबा, दमल्यानंतर नव्हे. पगार थोडा असला की गृहिणी जसा पैशाचा हिशेब ठेवते, तसाच हा शक्तीचा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट, खांदा व हात. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असतील किंवा तेथे किरणोपचार झाला असेल, तर खांदा आखडतो, आणि काहींच्या हाताला सूज येते. तिला लिम्फेडीमा म्हणतात. ती वर्षांनंतरही येऊ शकते. म्हणून त्या हाताची त्वचा जपावी, भाजणे, कापणे, काटा लागणे टाळावे, आणि हात लाल झाला, गरम लागला, सूज वाढली किंवा ताप आला तर घरगुती लेप न लावता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. कोणाकडूनही जोराने मालिश करून घेऊ नये. पण जपणे म्हणजे हात बांधून ठेवणे नव्हे. पूर्वी अशा बायकांना जन्मभर ओझे उचलू नका असे सांगत. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले की देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवीत वजन उचलण्याचा व्यायाम केल्याने सूज वाढत नाही, आणि हाताला बळ येते. हळूहळू आणि देखरेखीखाली, हे दोन शब्द मात्र विसरू नयेत.

तिसरी गोष्ट, बोटांचा बधिरपणा. केमोथेरपीच्या काही औषधांनी हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, स्पर्श कळत नाही. अशा माणसाला सुई ओवता येत नाही, बटण लागत नाही, हातातून कप सुटतो. ह्यात चुलीचा धोका मोठा आहे, कारण भाजल्याचे कळतच नाही. पाणी किती गरम आहे हे बोटांनी न पाहता कोपराने पाहावे, तवा उतरवताना जाड फडके घ्यावे, घरातही चप्पल घालावी. विळीची किंवा उलथन्याची मूठ कापड गुंडाळून जाड केली तर पकड चांगली बसते. हाही व्यवसायोपचारच.

चौथी गोष्ट, विसराळूपणा व मन न लागणे. उपचारानंतर काही काळ नावे आठवत नाहीत, हिशेब चुकतो. त्याची लाज वाटून माणूस बोलणे टाळतो. एक लहान वही खिशात ठेवणे, एका वेळी एकच काम करणे, औषधाची वेळ रोजच्या जेवणाशी बांधून देणे, ह्यांनी पुष्कळ भागते.

निपाणीकडे, जेथे तंबाखूच्या वखारींत पिढ्या गेल्या, तेथे तोंडाच्या कर्करोगाचे रोगी आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांची दुखणी आणखी निराळी. जबडा उघडत नाही, गिळता येत नाही, बोलणे अस्पष्ट होते, मानेच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा ढळतो व हात वर जात नाही. जबड्यासाठी लाकडाच्या पातळ पट्ट्या एकीवर एक ठेवून, दिवसेंदिवस एकेक वाढवीत, तोंड उघडण्याचा व्यायाम तज्ज्ञ शिकवतात. बोलणे व गिळणे यांसाठी वाचोपचार तज्ज्ञ असतात. अशा एका बंधूला आमच्या ओळखीच्या मंडळीने शास्त्रवाचनाच्या यादीतून गाळले होते, कारण त्याचे शब्द नीट कळत नसत. त्याने तीन ओव्यांचे स्तोत्र घरी महिनाभर मोठ्याने वाचले आणि मग वाचू देण्याची विनंती केली. ज्यांना शब्द कळले नाहीत त्यांनी आपले पुस्तक उघडून पाहिले. उपासनेची हानी झाली नाही.

शास्त्रातून काय शिकावे?

निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशेचे हात जड होतात. अहरोन व हूर त्याला घरी पाठवत नाहीत, आणि त्याच्या हातातील काम दुसऱ्यालाही देत नाहीत. ते त्याला बसावयास एक धोंडा आणून देतात आणि दोन्ही बाजूंनी हात सावरून धरतात. काम मोशेचेच राहते. बसण्याची सोय आणि हातांना आधार: आज तज्ज्ञ जे करतात त्याचा गाभा ह्या एका ओवीत आहे.

पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया झुडपाखाली थकून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. झोपू देतो, खावयास देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खावयास देतो. वाट मोठी आहे हे तो मान्य करतो. मगच एलीया चालू लागतो. थकलेल्या माणसाच्या विश्वासावर शंका घेण्याआधी हा भाग वाचावा.

आणि मार्काच्या पहिल्या अध्यायात शिमोनाच्या सासूचा ताप जातो, ती उठते व सेवा करू लागते. येथे शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. बरे झालेल्या बाईने लगेच चुलीपुढे बसावे असा ह्याचा अर्थ नाही. तिला कोणी कामाला लावले नाही, आणि कोणी अडवलेही नाही. तिला परत मिळाले ते तिचे घरातील स्थान.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे जरूर आहे. सर्वच रोगी बरे होत नाहीत. कोणाचा आजार पुन्हा उलटतो, कोणाची हाडे ठिसूळ होतात आणि जड काम त्यांना वर्ज्य असते. माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरत नाही. ती देवाने आधीच ठरवली आहे. तरीही अंथरुणावरच्या माणसालाही स्वतःच्या हाताने घास घ्यावा, उशीला टेकून बसावे, मुलाला चार ओळी लिहाव्या असे वाटते. तेवढे साधून देणे हेही ह्याच विद्येचे काम आहे.

मंडळीने काय करावे?

१. आधी विचारावे. "तुम्हांला काय करावेसे वाटते?" हा प्रश्न डबा नेण्याआधी विचारावा.

२. काम काढून न घेता ते लहान करून द्यावे. पूर्ण वर्ग झेपत नसेल तर एक गोष्ट. उभे राहणे झेपत नसेल तर खुर्ची.

३. रुग्णालयात व्यवसायोपचार विभाग आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे. पुष्कळ रोग्यांना असा विभाग असतो हेच ठाऊक नसते. कोणताही व्यायाम किंवा ओझे डॉक्टरांच्या संमतीने सुरू करावे. नवीन दुखणे आले, विशेषतः हाडात, तर थांबून दाखवावे.

४. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका भांड्यातले पाणी प्याल्याने होत नाही. हे शब्बाथशाळेत मुलांना सांगावे. मुले घरी जाऊन मोठ्यांना सांगतात.

५. घरच्या माणसांनाही आधार द्यावा. सुनेने चूल घेतली ती प्रेमाने. ती परत देताना तिचा अपमान झाला असे तिला वाटू नये.

अक्काची भाकरी

त्या तरुण तज्ज्ञाने अक्काला काय दिले? औषधाची बाटली नाही. भिंतीवर बोटे चालवीत हात रोज किती वर जातो त्याची खडूने खूण करावयाची. ओला टॉवेल पिळून दोरीवर टाकावयाचा, दोरी दर आठवड्यास थोडी वर बांधावयाची. जमिनीवरची काटवट चौरंगावर ठेवावयाची म्हणजे खांद्याला ताण पडत नाही. पहिल्या आठवड्यात पीठ नुसते मळावयाचे, तेही मूठभर. मग एक भाकरी. मग दोन. बाकीच्या सुनेने करावयाच्या.

पहिली भाकरी गोल झाली नाही, कडेला चिरली, हे तिनेच आम्हांस हसत सांगितले. हात अजून पूर्वीइतका वर जात नाही, आणि कदाचित कधी जाणारही नाही. कळशी ती उचलत नाही, तांब्याने पाणी भरते. पण केस स्वतः विंचरते.

वर्गाचे काय, हे तिने विचारले नाही. आम्हीच एका रविवारी त्या तरुणाला घेऊन तिच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "त्येला काढू नका. दोघं मिळून घेऊ." आता तो गाणी शिकवतो व हजेरी घेतो, ती खुर्चीत बसून गोष्ट सांगते. खुर्ची मुलेच आणून ठेवतात. ती कोणी ठेवावयाची यावरून त्यांची भांडणे होतात, आणि ती मिटवणे हेही अक्काचेच काम झाले आहे.

शिक्षकांनी वर्गात चर्चेस घ्यावयाचे प्रश्न

१. अहरोन व हूर यांनी मोशेचे काम स्वतः का केले नाही? धोंड्याचा उपयोग काय झाला?

२. आपल्या मंडळीत आजारानंतर ज्यांचे काम आपण काढून घेतले अशी कोणी व्यक्ती आहे काय? तिला विचारले होते काय?

३. प्रेमाने केलेली मदत कधी ओझे होते? घरातील एक उदाहरण सांगा.

४. येत्या रविवारपूर्वी अशा एका घरी जा. डबा न्या, पण प्रश्नही न्या. मिळालेले उत्तर पुढच्या वर्गात, त्या व्यक्तीची परवानगी असेल तरच, सांगा.